विमानात आधी घाम, मग हुडहुडी: इंदूरहून उडणाऱ्यांनी काय तयारी करावी

मे महिन्यातली दुपारची फ्लाइट असेल तर इंदूरच्या विमानतळावर विमानाची दारं बंद होईपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने त्याच सीटवर माणूस हाताची घडी घालून कुडकुडत बसतो. बरेच जण यातल्या एकाच गोष्टीची तयारी करून येतात. कोणी 'विमानात फार थंडी असते' असं ऐकून भर उन्हाळ्यात स्वेटर चढवून येतं, कोणी टी-शर्ट आणि चपलांवर निघतं. दोघांचेही हाल ठरलेले. खालच्या उकाड्याची आणि वरच्या गारठ्याची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातून मुलांकडे पुण्या-बंगळुरूला पहिल्यांदा विमानाने निघालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. दिल्ली-मुंबईहून पुढे अमेरिकेला जाणाऱ्यांचं काही वेगळं असेल तर ते त्या त्या ठिकाणी येईलच.

१. गार हवा येते कुठून, ते आधी समजून घ्या

एवढं कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. एअरबस ए३२० सारख्या जेट विमानात केबिनची हवा इंजिनातून येते. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली दाबाखालची हवा साधारण २०० अंशांपर्यंत तापलेली असते. विमानाच्या पोटातली दोन यंत्रं, ज्यांना 'पॅक' म्हणतात, ती हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात. इंजिनं बंद असताना हे काम शेपटीतलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू करतं, किंवा बाहेरून जाड पाइप लावून गार हवा दिली जाते. एपीयू बिघडलेला असला तरी विमानाला काही अटींवर उडायची परवानगी मिळते. अशा दिवशी बाहेरच्या पाइपवर सगळी भिस्त असते आणि तो काढला की केबिन भराभर तापते.

इंजिन सुरू करतानाही हीच हवा लागते. म्हणून विमान मागे ढकललं जात असताना दोन-चार मिनिटं वरच्या छिद्रांतून येणारी हवा एकदम मंदावते. काही बिघडलेलं नसतं. दोन्ही इंजिनं चालू झाली की हवा परत येते.

त्यातून इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. उंची आणि ४० अंशांच्या पुढचं तापमान, दोन्हींमुळे हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते. भरलेलं विमान असेल तर पायलट कधी कधी पॅक बंद ठेवून उड्डाण करतात, म्हणजे सगळी ताकद उड्डाणाला मिळते. वर गेल्यावर एकेक पॅक परत चालू करतात. टेकऑफनंतरची पहिली काही मिनिटं उकडलं तर कारण बहुधा हे.

पंख्याच्या एटीआर ७२ विमानांची गोष्ट आणखी वेगळी. छोट्या अंतराच्या मार्गांवर हीच विमानं येतात आणि त्यांत एपीयू नसतो. जमिनीवर एसी हवा असेल तर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने अडवून धरतात. वैमानिकांच्या भाषेत 'हॉटेल मोड'. प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढतात ते त्यामुळेच जमतं. पण प्रत्येक थांब्यावर हा मोड वापरला जाईलच असं नाही. उन्हात उभ्या एटीआरमध्ये चढताना भट्टीची तयारी ठेवा.

२. तिकीट काढताना: वेळ, विमान, सीट

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, सकाळी आठच्या आतली किंवा सूर्यास्तानंतरची फ्लाइट घ्या. दुपारी एक ते पाच हा काळ टाळता आला तर उकाड्याची मोठी अडचण तिथेच मिटते. बुकिंग करताना बहुधा विमानाचा प्रकारही दिसतो, तोही बघा. 'एटीआर' दिसलं आणि वेळ दुपारची असली, की पायरी ३ आणि ४ जास्त गांभीर्याने घ्या.

सीट निवडताना उन्हाची बाजू टाळायची. हिशोब सोपा आहे:

- मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, म्हणजे दक्षिणेकडे जाताना: सकाळी ऊन डाव्या बाजूला (सीट ए), दुपारनंतर उजव्या बाजूला (सीट एफ).
- दिल्लीला, म्हणजे उत्तरेकडे जाताना: बरोबर उलट. सकाळी एफ तापते, दुपारनंतर ए.

परतीच्या प्रवासात हे पुन्हा फिरतं. नेहमी गारठणाऱ्या माणसाने अर्थातच मुद्दाम उन्हाची बाजू घ्यावी.

केबिनमध्ये सगळीकडे सारखं तापमान कधीच नसतं. सर्वांत गार जागा दोन: खिडकीला लागून असलेली सीट आणि आपत्कालीन दाराजवळची रांग. बाहेर ३५,००० फुटांवर उणे ५० ते ५५ अंश असतात. भिंतीत इन्सुलेशन असलं तरी भिंतीला टेकलेला खांदा आणि तळाशी असलेले पाय गार पडतात. दाराच्या कडांशी तर जास्तच. पाय पसरायला जागा मिळते म्हणून लोक पंखावरच्या दाराची सीट जादा पैसे देऊन घेतात, आणि तासाभरात घोटे बधिर होतात. शिवाय त्या रांगेत टेकऑफ-लँडिंगला पायाशी बॅग ठेवू देत नाहीत, ती वरच्या कप्प्यात जाते आणि शालही तिच्याबरोबर. थंडी सहन न होणाऱ्याने दारापासून तीन-चार रांगा दूर, आयल (ये-जा करायच्या वाटेकडची) किंवा मधली सीट घ्यावी. मधल्या सीटला सगळे नावं ठेवतात, पण ऊब तिथेच असते.

३. कपडे आणि हँडबॅग

नियम एकच: अंगावर पातळ, हाताशी जाड. एक जाड स्वेटर कुचकामाचा, कारण तो एक तर पूर्ण घालावा लागतो किंवा पूर्ण काढावा लागतो. दोन पातळ थर कमी-जास्त करता येतात.

जवळ ठेवायच्या वस्तू:

- सैल सुती कपडे, पूर्ण पँट किंवा सलवार. सिंथेटिक साडी घामात अंगाला चिकटते आणि मग गार हवेत तीच ओली साडी थंडी वाजवते.
- एक पातळ दुपट्टा. माहेश्वरी असला तर उत्तम, उन्हात डोक्यावर आणि विमानात गळ्याभोवती दोन्हीकडे चालतो.
- एक लोकरीची शाल किंवा पुढून चेन असलेलं जॅकेट. डोक्यातून घालायचा स्वेटर नको, सीटबेल्ट लावून तो काढता येत नाही.
- बंद बूट आणि एक जोडी कोरडे पायमोजे. लांबच्या प्रवासाला दोन जोड्या.
- रिकामी पाण्याची बाटली आणि चहाची सवय असेल तर रिकामा थर्मास.
- घाम पुसायला छोटा पंचा आणि एक जादा बनियन. ओलं बनियन बदलणं हा थंडीवरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे.
- कानटोपी किंवा मफलर, रात्रीची फ्लाइट असेल तर.
- हाताने वारा घालायला घडीचा पंखा.

बॅटरीवर चालणारा गळ्यातला पंखा आणि पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. चेक-इन सामानात लिथियमच्या पॉवर बँका चालत नाहीत, बॅग उघडायला लावतात आणि त्यात अर्धा तास जातो.

आता नेहमीची चूक. गरम कपडे मोठ्या सुटकेसमध्ये जातात आणि सुटकेस बेल्टवर. शाल वेगळ्या छोट्या पिशवीत, सगळ्यांत वर ठेवा. विमान भरलेलं असेल तर वरच्या कप्प्यांत जागा उरत नाही आणि शेवटी येणाऱ्यांच्या हँडबॅगाही दारावरून खाली सामानात पाठवतात. कर्मचाऱ्याने तुमच्या बॅगेला टॅग लावला, की देण्याआधी शाल, औषधं, पॉवर बँक आणि चष्मा बाहेर काढून घ्या. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

हँडबॅगेच्या ७ किलोंची काळजी असेल तर जॅकेट हातावर घ्या. अंगावरचं किंवा हातावरचं कोणी वजन करत नाही.

४. टर्मिनल ते सीट

सुरक्षा तपासणीनंतर बाटली भरून घ्या. टर्मिनलमधल्या एसीत बसून तहान लागत नाही, पण पुढची वीस मिनिटं बस, शिडी आणि तापलेलं विमान यांत जाणार असतात. चढायच्या आधीच्या अर्ध्या तासात एक पेला पाणी पोटात गेलेलं असावं. नाश्त्याला पोहे झाले असतील ते ठीक, पण वर शेव-चिवड्याचं पाकीट फोडू नका. विमानातल्या कोरड्या हवेत खारट खाऊन जीव पाणी-पाणी होतो.

पहिल्या बसने जाण्याची घाई उन्हाळ्यात करू नका. आधी चढणारा तापलेल्या केबिनमध्ये सर्वांत जास्त वेळ बसतो. सीट ठरलेली आहे, ती कुठे पळून जात नाही. वरच्या कप्प्यात जागा हवी असेल तरच पुढे व्हा.

५. बसल्या बसल्या उकडत असेल तर

डोक्यावरचं गोल नोझल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, हवा वाढते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बंद. नोझलचा गोळा सगळ्या बाजूंना वळतो. उकडत असताना ते थेट चेहऱ्यावर आणि छातीवर रोखा. शेजारची सीट रिकामी असेल तर तिकडचंही आपल्याकडे वळवा.

खिडकीचं झाकण उन्हाच्या बाजूला खाली ओढा. टेकऑफ आणि लँडिंगला ते उघडं ठेवायला सांगतात, तोपर्यंत बंद चालतं. उतरताना क्रूने, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांनी, 'झाकणं खाली करून जा' असं सांगितलं तर ऐका. विमान पुढच्या प्रवाशांसाठी उभं राहणार असतं आणि बंद झाकणांमुळे कमी तापतं.

पावसाळ्यात मुंबईला विमानात बसलात आणि छताच्या कडेतून पांढरा धूर येताना दिसला, तर घाबरू नका. गार हवा दमट हवेत मिसळली की बाष्पाचं धुकं होतं. ते हातभर खाली येईपर्यंत विरतं आणि त्याला वास नसतो. जळल्यासारखा वास आला तर मात्र लगेच क्रूला सांगा.

६. वर गेल्यावर थंडी वाजते तेव्हा

बाहेर उणे पन्नास असूनही विमानाला बहुतेक वेळा केबिन गार करावी लागते. बसलेला प्रत्येक माणूस जवळपास १०० वॅट उष्णता सोडतो. १८० प्रवासी म्हणजे १८ किलोवॅट, म्हणजे घरातल्या नऊ गीझरांएवढी. म्हणून भरलेल्या विमानात ऊब टिकते आणि निम्म्या रिकाम्या रात्रीच्या फ्लाइटमध्ये गारठा जाणवतो.

तापमान साधारण २२ ते २४ अंशांच्या आसपास ठेवलं जातं. घरात हे सुखाचं, पण विमानात तुम्ही हलत नाही, झोप लागली की शरीराची उष्णता आणखी घटते, आणि वरून वारा सतत लागतो. क्रू मात्र सारखा चालत, ट्रॉली ढकलत असतो. त्यांना तेच तापमान बरं वाटतं. म्हणून कोणी सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही, आणि संकोचाने गप्प बसण्यात काही अर्थ नाही.

आधी स्वतः करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

१) नोझल पूर्ण बंद करा. गळती राहिली तर गोळा समोरच्या सीटच्या पाठीकडे वळवा. कागद कोंबू नका, तो खाली पडतो आणि हवा तशीच येते.
२) ओलं बनियन असेल तर स्वच्छतागृहात जाऊन बदला.
३) गळा, कान आणि पाय झाका, मग छाती. शाल खांद्यावर पसरून बसण्यापेक्षा भिंतीच्या बाजूने, खांदा आणि मांडीच्या कडेला खोचून घ्या.
४) पाय भिंतीपासून दूर, आयलच्या बाजूला. तळाशी भिंतीला जाळ्या असतात, केबिनची हवा तिथून बाहेर जाते आणि वारा तिथेच वाहतो. त्यांच्यावर बॅग दाबून ठेवू नका.
५) सीटबेल्टचा दिवा बंद असताना पाच मिनिटं चालून या.

एवढं करूनही भागलं नाही तर क्रूला बोलवा. 'फार थंडी आहे' एवढंच म्हटलं तर बहुतेक वेळा पांघरूण विकत घ्यायला सांगतील किंवा हसून पुढे जातील. जागा सांगा: "मॅडम, २४ नंबर रो के आसपास सबको ठंड लग रही है, पीछे वाले ज़ोन का टेम्परेचर थोड़ा बढ़वा दीजिए." ए३२० मध्ये कॉकपिट, पुढची केबिन आणि मागची केबिन असे तीन वेगळे भाग असतात आणि प्रत्येकाचं तापमान कॉकपिटमधून १८ ते ३० अंशांदरम्यान वेगळं ठेवता येतं. पुढच्या दाराजवळच्या पॅनेलवरून क्रूही त्यात थोडा बदल करू शकतो. म्हणून रांगेचा आकडा आणि 'मागचा भाग' हे शब्द कामाचे. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनीही तेच सांगितलं तर लवकर दखल घेतात.

फरक जाणवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लगेच पुन्हा घंटी वाजवू नका, नाहीतर तापमान खाली-वर होत राहतं आणि पुढचे प्रवासी उकाड्याची तक्रार करतात. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी क्रू बसलेला असतो, तेव्हा मागणी करून उपयोग नाही. झोपण्याआधीच सांगून ठेवा.

देशांतर्गत स्वस्त विमानांत फुकट पांघरुणाची अपेक्षा ठेवू नका. पूर्ण सेवेच्या विमानांत असलं तरी मोजकं असतं, तेव्हा चढतानाच मागा. थंडी घालवायला मद्य घेऊ नका: कातडी तेवढी तापते, आतली उष्णता बाहेर पडते आणि कोरड पडते ती वेगळीच.

अमेरिकेच्या १५-१६ तासांच्या प्रवासात कोरडेपणाचाही त्रास होतो. केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा, ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन, आणि नाकात खारट पाण्याचे थेंब. बोइंग ७८७ मध्ये हवा इंजिनातून न घेता वेगळ्या विजेच्या कॉम्प्रेसरमधून येते आणि कोरडेपणा थोडा कमी असतो. काही मोठ्या विमानांत डोक्यावर नोझलच नसतं, मग सीट निवडीलाच महत्त्व येतं.

७. आजी-आजोबा, बाळं आणि औषधं

बाळाला थंडी वाजते का उकडतंय हे हातापायांवरून कळत नाही, ते नेहमीच गार लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर बोटं ठेवा. ओलसर, तापलेलं लागलं तर एक थर काढा. विमानात बाळाला कानटोपी, स्वेटर आणि दुलईत गुंडाळून झोपवण्याची आपल्याकडची पद्धत जमिनीवर उभ्या विमानात धोक्याची आहे. वर गेल्यावर गुंडाळा, खाली उतरल्यावर लगेच सोडा.

रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उकाड्यात उठताना चक्कर येऊ शकते. विमान थांबलं की धडपडत उभं राहू नका, सगळे उतरू द्या. थायरॉइड कमी असणाऱ्यांना गारठा इतरांपेक्षा जास्त बाधतो, त्यांनी शाल पायांवरही घ्यावी.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. ते गोठलं की निकामी होतं, आणि दिसायला मात्र तसंच दिसू शकतं. न उघडलेल्या शीशा २ ते ८ अंशांत हव्यात, म्हणून छोटी थंड पिशवी वापरा, पण शीशी बर्फाच्या पिशवीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असावी. छातीच्या दुखण्याच्या जिभेखालच्या गोळ्या वरच्या कप्प्यात नकोत, खिशात हव्यात.

८. दारं बंद, विमान जागेवरच, आणि उकाडा वाढतोय

सगळ्यांत वाईट वेळ ही. विमान रांगेत आहे किंवा परवानगीची वाट बघतंय. शांतपणे तीन गोष्टी विचारा: एसी कशावर चालू आहे, अंदाजे किती वेळ, आणि पाणी मिळेल का. पाणी द्यायला क्रू सहसा नाही म्हणत नाही.

कोणाला मळमळ, चक्कर, बोलताना गोंधळ, किंवा तापलेलं अंग असूनही घाम थांबलेला दिसला तर 'गरम होतंय' म्हणू नका. 'प्रवासी आजारी आहे' असं म्हणा. या वाक्याने कॅप्टनपर्यंत निरोप जातो. तोपर्यंत कपडे सैल करा, मानेवर आणि बगलेत ओला पंचा ठेवा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या.

ओरडणं, दाराकडे धावणं, व्हिडिओ काढत क्रूशी हुज्जत घालणं, यातून एसी सुरू होत नाही. बेशिस्त प्रवासी म्हणून नोंद मात्र होऊ शकते.

९. तक्रार करायची असेल तर

कागद त्याच दिवशी जमवा:

- बोर्डिंग पास आणि पीएनआर
- सीट क्रमांक
- दार बंद झाल्याची, विमान हलल्याची आणि उडाल्याची वेळ
- क्रूला काय सांगितलं, काय उत्तर मिळालं
- शेजारच्या एक-दोन प्रवाशांची नावं, त्यांची हरकत नसेल तर
- तब्येत बिघडली असल्यास डॉक्टरांचा कागद आणि बिल

मोबाइल हवामानाच्या ॲपमध्ये जे तापमान दाखवतो ते बाहेरच्या शहराचं असतं, केबिनचं नाही. ते तक्रारीत लावू नका. छोटा डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याचा फोटो चालतो. पुणे आणि ग्वाल्हेर हे हवाई दलाचे तळ आहेत, तिथे खिडकीतून बाहेरचे फोटो काढायला बंदी आहे हे लक्षात ठेवा.

क्रम असा: आधी विमान कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला आणि मग अपील अधिकाऱ्याला. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल. फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिचे उशिराबद्दलचे नियम किती वेळ गेला यावर आधारलेले आहेत, तापमानावर नाहीत. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. नुसत्या उकाड्यासाठी ठरलेली भरपाई त्यात नाही. भरपाई हवी असेल तर सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी इंदूरच्या आयोगात. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइनही भरता येते. तिकिटाचं बिल आणि कंपनीशी झालेले सगळे ईमेल तारखेच्या क्रमाने लावून जोडा.